पुढच्या डाव्या चाकाची बदनामी

माझा मुलगा फार हुशार आहे. हे मी कौतुकाने नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. हुशार माणसाबरोबर एका घरात राहणं सोपं नसतं. तो चुकतो तेव्हासुद्धा कारणांसकट चुकतो.

गाडीचा पिवळा दिवा लागला तेव्हा तो असाच चुकला. स्टिअरिंगच्या पुढे पडद्यावर गाडीचं एक छोटं चित्र दिसतं आणि ज्या चाकात हवा कमी, ते चाक चित्रात पिवळं होतं. आमचं पुढचं डावं झालं. त्या वेळी गाडी सूनबाई चालवत होती. झालं! चिरंजीवांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला.

"तू डावीकडे फुटपाथला घासतेस. चाक कडेला आपटलं की हवा जाते."

"मी कधी घासलं?"

"ते तुला कळलं असतं, तर घासलंच नसतं ना."



सूनबाईला लायसन्स मिळून थोडेच महिने झाले होते. तिला दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, टेकडीच्या पलीकडे. सकाळच्या पाळीच्या वेळी तिकडे एकही बस जात नाही. मुलगा स्वतः ऑफिसच्या बसने जातो, गाडी दिवसभर खाली उभी असते, त्यामुळे सगळं जमण्यासारखं होतं. पण त्याने जाहीर केलं, "हा दिवा बंद राहिल्याशिवाय टेकडीच्या रस्त्याला गाडी मिळणार नाही." त्याला तिची काळजी होती, हे मी नाकारत नाही. पण आमच्या घरात काळजी आणि हेका यांच्यातला फरक ओळखायला चष्मा लागतो.

तो पंपावर जाऊन हवा भरून आला की दिवा जायचा. तीन-चार दिवस बरे गेले की पुन्हा हजर. पुन्हा पुढचं डावं. मी एकदा बरोबर गेले होते. पुढच्या डाव्यात त्याने मोठ्या गंभीरपणे हवा भरली, मग "आलोच आहोत तर" म्हणून बाकीच्या तिन्हींत. मी मागे उजवीकडे बसले होते. माझ्या बाजूच्या चाकाला ते यंत्र बराच वेळ घुरघुरत राहिलं.

"इथे एवढा वेळ का लागतोय रे?"

"यंत्र जुनं आहे, आई."

सूनबाई एकदा भीत भीत म्हणाली, "थंडीने हवा उतरत असेल का?"

"थंडी चारही चाकांना वाजते," तो म्हणाला. "एकालाच कशी वाजेल?"

बघा, बोलणं अगदी बिनतोड. त्यानंतर ती बिचारी फुटपाथच्या धाकाने रस्त्याच्या मधोमध गाडी चालवायला लागली आणि मागचे लोक हॉर्न वाजवून तिचा उद्धार करायला लागले.

शुक्रवारी दिवा पुन्हा लागलेला होता. सोमवारी तिने कामावर रुजू व्हायचं होतं. मुलगा ऑफिसला गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, मी त्यांना नाही म्हणून कळवते. मला गाडी येतच नाही बहुधा."

या मुलीने नोकरीची अख्खी परीक्षा माझ्यासमोर अभ्यास करून दिली होती. आणि आता एक पिवळा ठिपका तिला सांगणार होता की तुला काय येतं आणि काय नाही? मला असा राग आला की मी गॅसच बंद केला.

"कळवायचं ते संध्याकाळी कळव. आधी खाली चल."

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांचा दवाखानाही तिथेच आहे. त्यांच्याकडे काटा असलेला पायपंप आहे. तो मागून आणला आणि आम्ही दोघी पार्किंगमध्ये चाकांपुढे उकिडव्या बसलो. पुढचं डावं मोजलं. हवा अगदी हवी तेवढी! पुन्हा मोजलं, तेवढीच. मग बाकीची मोजली. दोन व्यवस्थित. मागच्या उजव्याला लावल्यावर मात्र काटा जेमतेम उठला. नीट पाहिलं, तर रबराच्या खाचेत एका स्क्रूचं डोकं चमकत होतं.

"म्हणजे गाडी खोटं बोलते?" सूनबाई म्हणाली.

मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे. पोरं जागा बदलून बसली आणि बदली बाई जुना तक्ता बघून ओरडल्या, की ओरडा कुणाला बसतो ते मला चांगलं माहीत आहे. आणि मला सुट्टीतला तो दिवस आठवला. चाकं सारखी झिजावीत म्हणून चिरंजीवांनी व्हिडिओ बघून, हातपाय काळे करून, चाकांची अदलाबदल केली होती. मागचं उजवं पुढे डावीकडे, पुढचं डावं मागे उजवीकडे. वर मला व्याख्यानही दिलं होतं: प्रत्येक चाकात एक सेन्सर असतो, तो आपला नंबर सांगतो आणि कुठला नंबर कुठे बसतो ते गाडीने पाठ केलेलं असतं.

"गाडी खोटं बोलत नाही गं," मी म्हणाले. "चुकीचं नाव घेते. चाकांच्या जागा बदलल्या, पण तिला कुणी सांगितलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

सूनबाई एवढी हसली की दवाखान्यातला एक पेशंट गालाला कापूस लावलेल्या अवस्थेत बाहेर डोकावला. तिने लगेच नवऱ्याला लावायला फोन काढला. मी तिचा हात धरला.

"आत्ता सांगितलंस तर तो म्हणेल, मला संशय होताच. त्याच्याच तोंडून वदवून घेऊ."

मागच्या उजव्यात हवा भरली. जरा फिरवून आणल्यावर दिवा गेला.

शनिवारी सकाळी मी शक्य तेवढा अडाणी चेहरा केला. "अरे, तो दिवा लागतो तरी कसा? मला एकदा दाखव ना."

त्याला शिकवायला सांगितलं की तो उपाशीपोटीही उठतो. पुढच्या डाव्या चाकाचा व्हॉल्व्ह दाबून त्याने फुस्स करून बरीच हवा सोडली. मग आम्हाला गाडीत बसवून म्हणाला, "आता बघा हं. पुढचं डावं पिवळं होणार."

कॉलनीला एक फेरी पूर्ण व्हायच्या आत टुंग वाजलं. चित्रात मागचं उजवं चाक पिवळं झालं.

"अगं बाई!" मी म्हणाले. "तिकडेही फुटपाथ आहे का रे?"

त्याने गाडी थांबवली. उतरून चाक बघून आला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली. मागचं उजवंच. मग त्याचे कान लाल व्हायला लागले. लहानपणी गृहपाठ विसरला की व्हायचे, तसेच.

"मी सुट्टीत चाकं फिरवली होती," तो हळूच म्हणाला. "गाडीला नव्या जागा शिकवायच्या राहिल्या."

"असं?" सूनबाई म्हणाली. "मग हवा इतके दिवस कुठल्या चाकातून जात होती?"

त्याने मनातल्या मनात चाकं उलटी फिरवली. हुशार आहे, म्हटलं ना. वेळ लागला नाही. "मागच्या उजव्या."

"तिथे स्क्रू आहे. काल बघितला आम्ही."

"काल?" त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

घरी आल्यावर तो निमूटपणे पायपंप घेऊन पुढच्या डाव्या चाकापाशी बसला. सूनबाई त्याच्या डोक्याशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आधी त्या चाकाची माफी माग. उगाच बदनाम केलंस."

त्याला हसू आलं. सुटलो असंच वाटलं असणार. तो चाकावर थोपटत म्हणाला, "चुकलो बाबा."

"आता मान वर करून म्हण."

त्याचा पंपावरचा हात थांबला. ती हसत नव्हती. मला तिथून जायला हवं होतं हे मला कळत होतं, पण मी गेले नाही. त्याने मान वर केली. त्याला तिच्या तोंडाकडे नीट बघायला थोडा वेळ लागला.

"चुकलो," तो म्हणाला. "तुला गाडी येते. छान येते."

तिचे डोळे भरून आले. ते पुसायच्या आधी तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "हवा भर. आणि पंक्चर आजच काढून आण. सोमवारी मला लवकर निघायचंय."