बावीस तक्रारी

श्रीपाद बोरवणकरांनी तिसऱ्यांदा माणसं मोजली. पहिल्या खेपेला एकशे एकोणचाळीस भरली होती, दुसऱ्या खेपेला एकशे बावन्न. आता निम्म्यावर आले तोच कुणीतरी सोपा गोल हुकवला, लोक शिव्या घालत उभे राहिले आणि आकडा पुन्हा हातचा गेला. त्यांनी वहीत 'सुमारे दीडशे' असं लिहिलं आणि स्वतःवरच चिडले. चौतीस वर्षं शास्त्रज्ञ म्हणून काढलेल्या माणसाने 'सुमारे' लिहावं म्हणजे काय!

गेल्या मोसमात याच मैदानावर मार्चच्या रविवारी चारशे-पाचशे माणूस सहज जमायचं. मग सप्टेंबरपासून क्लबने सामने मोबाईलवर दाखवायला सुरुवात केली. तीस रुपये भरा आणि घरबसल्या बघा. लोकांनी तीस रुपये भरले आणि खरोखरच घरी बसले.

श्रीपादराव मूळचे सांगलीचे. लखनौच्या एका वनस्पती संशोधन संस्थेत गवतांवर काम करता करता निवृत्त झाले आणि अलीगंजमध्ये घर करून इथलेच झाले. फुटबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. क्लबच्या मैदानावरचं गवत पिवळं पडत होतं म्हणून कुणीतरी त्यांना बोलावलं. गवत बघायला गेले आणि सचिव होऊन परत आले.

आता कमिटीत सात माणसं होती. तिघांना मोबाईलवरचे सामने बंद करायचे होते, तिघांना चालू ठेवायचे होते, आणि सहाही जण श्रीपादरावांच्या तोंडाकडे बघत होते. सकाळी चहा पिताना त्यांना वाटायचं, चालू राहावं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजना वसाहतीत राहणारा माणूस शहर ओलांडून कसा येईल? ज्यांचे गुडघे गेले त्या जुन्या खेळाडूंनी काय करावं? संध्याकाळी रिकाम्या पायऱ्या आठवल्या की वाटायचं, छे, बंदच करावं. अकरा पोरं ऊर फुटेस्तोवर धावताहेत आणि टाळी वाजवायला कावळेसुद्धा नाहीत.

"तुमचं आपलं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," पद्मिनीबाई म्हणाल्या होत्या. "एकदा काय ते ठरवा आणि जेवायला या."

पद्मिनीबाई, त्यांची पत्नी, या क्षणी मैदानाच्या पलीकडच्या उघड्या पायऱ्यांवर एकट्या बसल्या होत्या. अलीकडे पत्र्याची छान सावली होती, सचिवांचं टेबल होतं, पंखा होता, वर छतावर कॅमेरा होता. पण बाई बसायच्या तिकडे, उन्हात. जानेवारीत एक वेळ ठीक होतं, लखनौच्या थंडीत ऊन कोण सोडतं? पण मार्चमध्ये? छत्री न्यायच्या आणि मिटून मांडीवर ठेवायच्या. बरं, फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइडला त्या 'तो झेंडेवाला रुसला' म्हणायच्या. तरी हिवाळाभर एकाहून जास्त रविवार चुकला असेल तर शपथ.

"अगं, सावलीत बस की," श्रीपादरावांनी दोनदा सांगून पाहिलं होतं.

"तिथे तुमच्या कमिटीची कटकट असते."

त्यांनी नाद सोडला. बाईंपुढे नाद सोडायची त्यांना सवयच होती. एकदा कुठल्याशा रागाने बाईंनी चहा सोडला, तो अकरा वर्षं सोडलेलाच होता. आणि तीन वर्षांपूर्वी मुलगा विक्रम याने तिकडे गुवाहाटीत नोंदणी लग्न केलं, तेही चार दिवसांनी फोन करून कळवलं, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही." फोन ठेवला. भिंतीवरचे त्याचे फोटो कपाटात गेले. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही.

मायलेकरांच्या मध्ये कशाला पडा, असं म्हणून श्रीपादराव गप्प राहिले. लपून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा बापलेक पावसाबद्दल बोलले. मग तोही थांबला. खरं सांगायचं तर ते बायकोला भीत होते, आणि मुलाची आठवण येऊन कधी कधी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. या दोन्ही गोष्टी त्यांनी कुणाला सांगितल्या नव्हत्या.

गुरुवारी संध्याकाळी चारबागला, अध्यक्ष तिवारीजींच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात बैठक भरली. वरून जाळ्या आणि हातमोजे लोंबत होते, खाली स्टुलं मांडली होती. श्रीपादरावांचं यावेळी ठरलं होतं. बंद करायचं. त्यासाठी त्यांनी पुरावाही जमवला होता.

सामना चालू असताना बघणारे लोक फोनवरून संदेश लिहायचे. क्लबच्या कॅमेऱ्याचं आणि लॅपटॉपचं काम बघणारी विभा सक्सेना, एका शाळेतली कॉम्प्युटरची शिक्षिका, त्यांना उत्तरं द्यायची. मोसमातले सगळे संदेश श्रीपादरावांनी तिच्याकडून छापून घेतले होते आणि दोन दिवस बसून लाल पेनाने खुणा केल्या होत्या.

"सुनिए," ते चष्मा चढवत म्हणाले. "ये चार सौ सत्रह नंबर के दर्शक हैं. हर मैच में बेचारे पूछते हैं, आई? मतलब पिक्चर ही नहीं आई. ऐसी बाईस शिकायतें हैं. बाईस! लोगों से पैसे लेकर हम ये दिखा रहे हैं?"

तिवारीजींनी गंभीरपणे मान हलवली. बंद करा म्हणणाऱ्या तिघांचे चेहरे खुलले.

"सर, पिक्चर तो हर बार आती है," विभा म्हणाली. तिचा आवाज जरा दुखावला होता. "मैं लिखती भी हूँ, हाँ जी, आ गई. फिर वो थैंक यू लिखते हैं."

"और ये अट्ठाईस जनवरी?" श्रीपादरावांनी कागद वर धरला. "तीन बार लिखा है. आज आई नहीं? फिर वही, आज आई नहीं? और हाफ टाइम के बाद फिर."

"वही तो मेरी समझ में नहीं आया, सर. उस दिन तो पिक्चर सबसे साफ थी. बाकी सब तारीफ कर रहे थे. मैंने कहा रिफ्रेश कीजिए. मैंने कहा पाँच मिनट रुकिए, आ जाएगी. वो आखिर तक पूछते रहे."

श्रीपादरावांनी कागदावरची तारीख पुन्हा पाहिली. अठ्ठावीस जानेवारी. त्या दिवशी पद्मिनीला फणफणून ताप होता. आपणच खिचडी टाकली होती आणि शिट्ट्या मोजायचं विसरून कुकर करपवला होता. हिवाळ्यातला तेवढा एकच रविवार ती मैदानावर आली नव्हती.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. लोक लिहितात तसं इंग्रजी अक्षरांतच लिहिलं होतं. त्यांनी ओठ न हलवता वाचलं, मग ओठ हलवून वाचलं. आज आई नाही?

दुकानातला पंखा फिरत होता. श्रीपादरावांनी आधीचं पान उलटलं. आई? त्याच्या आधीचं पान. आई? अहो, इतकी वर्षं या गावात राहून त्यांना हा शब्द हिंदीतच वाचायची सवय लागली होती. गाडी आई, बिजली आई, पिक्चर आई. बावीस वेळा लाल पेनाने अधोरेखित केला, आणि एकदाही मराठीत वाचला नाही.

"विभाजी," ते म्हणाले, "ये जवाब किसके नाम से जाते हैं?"

"आपके, सर. सचिव का ही अकाउंट है. वहाँ आपका नाम आता है, एस. बोरवणकर."

म्हणजे पोरगा बापालाच विचारत होता. आणि बाप दर रविवारी त्याला सांगत होता, हाँ जी, आ गई. आणि ज्या दिवशी आई दिसली नाही, जीव टांगणीला लागला असेल त्याचा, तेव्हा बापाने लिहिलं होतं, रिफ्रेश कीजिए. कप्पाळ माझं! कीजिए! श्रीपादरावांनी चष्मा काढला आणि उगीचच शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

"तो बोरवणकर साहब," तिवारीजी म्हणाले, "तय रहा? बंद कर दें?"

"नहीं."

"नहीं?"

"चलने दीजिए. मोबाइल भी, मैदान भी. दोनों."

"अरे! अभी तो आप बाईस शिकायतें पढ़ रहे थे!"

"वो शिकायतें नहीं हैं."

"फिर क्या हैं?"

श्रीपादरावांना शब्द सापडेना. ना मराठी, ना हिंदी. "पूछताछ है," ते शेवटी म्हणाले.

बंद करा म्हणणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, मग मैदान खाली राहिलं तर? श्रीपादराव एकदम तावात आले. "खाली कैसे रहेगा? मैदान में कोई बैठेगा ही नहीं, तो घरवाला देखेगा किसको?"

"मैच देखेगा साहब, और क्या," तिवारीजी म्हणाले. पण मत पडलं होतं. चार विरुद्ध तीन.

ऑटोतून घरी येताना त्यांचं डोकं गरगरत होतं. पद्मिनीला सांगावं का? सांगितलं आणि तिने येणंच बंद केलं तर? चहा सोडणारी बाई ती, रविवारही सोडील. मग तिकडे गुवाहाटीत तो कुणाला बघणार? आणि नाही सांगितलं, तर तिचा मुलगा सहा महिने तिला डोळे भरून बघतोय आणि तिला पत्ताच नाही, हेही पाप. विक्रमला फोन करावा, तर काय बोलावं? पुन्हा पाऊसच?

"काय ठरलं?" दार उघडत पद्मिनीबाईंनी विचारलं.

"चालू राहणार आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वाटाणे सोलायला बसल्या.

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि हात धुवायला गेले. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. त्यांच्याने काही बोलवलं नाही.

रविवारी सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. विभाने लॅपटॉप टेबलावर त्यांच्याकडे वळवला.

"सर, वो आ गए. आई वाले." ती हसली. "आज आप खुद लिखेंगे?"

पडद्यावर तीच तीन इंग्रजी अक्षरं होती. श्रीपादरावांनी बोटं पुढे नेली. आली रे बाळा, लिहावं? तेव्हा ताप होता, आता बरी आहे, लिहावं? आम्ही दोघंही म्हातारी होत चाललोय, लिहावं? बोटं तशीच राहिली. इतक्या वर्षांत शोधनिबंध लिहिले, कार्यवृत्तं लिहिली, आणि आता एक ओळ जमेना.

"जो हमेशा लिखती हैं, वही लिख दीजिए," ते म्हणाले आणि उठले.

खुर्ची, पंखा, वही, सगळं सोडून ते मैदानाला वळसा घालून निघाले. ऊन रणरणत होतं. गोलच्या मागून जाताना गोलकीपरने "गुड आफ्टरनून सर" केलं, ते त्यांनी ऐकलं नाही. पायऱ्या चढताना गुडघा कळवळला.

पद्मिनीबाईंनी वर पाहिलं. नेसूची साडी इस्त्रीची होती, केसांत गजराही होता.

"आज सावली सोडून इकडे कुठे?"

"सहज."

श्रीपादराव एक पायरी सोडून बसले, रुमाल काढून मान पुसली. पंचांनी शिट्टी फुंकली. चेंडू पलीकडे गेला, अलीकडे आला. सांगावं का आता? त्यांनी घसा खाकरला.

"तिथे नका बसू," पद्मिनीबाई म्हणाल्या. "इकडे माझ्याजवळ सरका. तिथे तो झेंड्याचा खांब मध्ये येतो."

श्रीपादरावांनी मैदानाकडे पाहिलं. "छे, मला तर सगळं नीट दिसतंय."

"तुम्हाला नाही हो," त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा करून समोरच्या छतावरच्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या.