दादाच्या दुकानाचं पान

तिनं बाणाची कळ दाबली. "चित्र," संगणक म्हणाला. पुन्हा दाबली. "टोपलीत टाका, बटण." मग परत "चित्र." दादाच्या दुकानात काय काय आहे, ते काही केल्या कळेना.

अंधांना एखादी वेबसाइट धड वापरता येते की नाही, हे तपासून सांगणं तिचं कामच होतं. तिला स्वतःला दिसत नव्हतं, म्हणून तर ते मिळालं होतं. बँका, दवाखाने, प्रवास कंपन्या, रोज कुणाची ना कुणाची पानं यायची आणि ती घरी बसून ऐकायची. घरात दुसरा आवाज म्हणाल तर फ्रिजचा.

हे पान मात्र कामाचं नव्हतं. दादा सुतार. त्याच्या लेकीनं त्याच्या खुर्च्या-टेबलांसाठी वेबसाइट उघडली आणि "आत्या, बघ गं," म्हणून पत्ता पाठवला. तिला अजून 'बघ' म्हणणारी ती एकटीच. बाकीची माणसं शब्द चाचपडत बोलत. दादा तर बोलतच नसे. वर्षाकाठी कधी आला तर पिशवी टेबलावर ठेवायचा, चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच उठायचा. "निघतो. काम पडलंय."

तिनं त्याला फोन लावला.

"दादा, तुझ्या फोटोंना वर्णनच नाही. संगणक मला तेच वाचून दाखवतो. मला नुसतं चित्र, चित्र ऐकू येतंय."

"मग काय लिहायचं?"

"दिसतं ते."

"खुर्ची दिसते."

"नुसतं खुर्ची ऐकून कुणी खुर्ची घेईल का रे?"

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला खिळा उपटण्यासारखं.

आठवडा सरत आला तेव्हा भाचीचा निरोप आला. बाबांना कसं लिहायचं ते दाखवलंय, कुणाला हात लावू देत नाहीत, एका बोटानं टाइप करत बसतात.

तिनं पान उघडलं.

"खुर्ची. हात नाहीत."

तिला हसू फुटलं. रिकाम्या घरात ते जरा मोठंच वाटलं.

"स्टूल. बुटकं आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी घेऊ नये."

असं लिहून कुणी माल विकतं का! ती पुढं गेली.

"टेबल. कोपरे गोल केलेत. न दिसता आपटलं तरी लागणार नाही."

तिचा हात आपसूक कमरेपाशी गेला, जिथं घरातल्या टेबलाचा कोपरा हमखास लागायचा.

शेवटी 'आमच्याविषयी' होतं. तिथं एकच फोटो.

"हा मी. डोक्यावरचे केस गेले, मिशी पांढरी झाली. खिडकीकडे बघतोय. पोरगी म्हणत होती, समोर बघा. मला समोर बघायला जमत नाही. तुझे डोळे गेल्यापासून तुझ्यासमोरही जमलं नाही."

बटणांची नावं वाचावीत तशा सपाट आवाजात संगणकानं ते वाचलं.

तिच्या मनातला दादा अजून काळ्याभोर मिशीचा होता, नुकतीच फुटलेली ती मिशी कौतुकानं पिळणारा. तिनं बोटं कळेवरून उचलली आणि मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळानं फोन लावला.

"चांगली झालीत वर्णनं," ती म्हणाली. "एक दुरुस्ती आहे."

"हं."

"शेवटच्या फोटोतलं ते माझ्याबद्दलचं. गिऱ्हाइकांना ते नको."

पलीकडं करवत चालू होती, ती थांबली.

"कुठं लिहावं कळेना," तो म्हणाला. "तू ऐकशील तिथं लिहिलं."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काढतो आत्ताच," तो म्हणाला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "संध्याकाळी काढ."