दोन कारभाऱ्यांच्या मधला कप्पा

मित्रांनो, मी नावडे गावच्या उन्नतीच्या जुन्या लॅपटॉपमधला सामायिक कप्पा आहे. या लॅपटॉपात दोन कारभारी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, राहतात: विंडोज आणि लिनक्स. एक जागा असला की दुसरा बंद. महापेच्या ऑफिसचं काम लिनक्सवर, घरचं विंडोजवर, आणि दोघांना लागणाऱ्या फायली माझ्याकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी मात्र खाऊन खाऊन फुगलो होतो. "हा कप्पा नसता तर माझी वाट लागली असती," असं उन्नती म्हणायची. ते ऐकून मी शेफारलो.

उन्नतीची आत्या बायजाबाई धवलारीण. आगरी लग्नात देवांना बोलावण्यापासून हळदीपर्यंतचे सगळे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, त्यांना तोंडपाठ. घशाच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा त्या म्हणाल्या, "माजा गला हाय तवर भरून घे गो. तुजे हलदीला लाव मंग."

उन्नतीने मोबाईलवर त्यांच्या आवाजात अकरा धवले भरले, विंडोजमधून माझ्याकडे आणले, आणि जागा पुरेना म्हणून मोबाईलमधले पुसून टाकले.

आता चूक सांगतो. विंडोजला बंद केलं तरी तो पुरता बंद होत नाही. माझ्यात काय कुठे ठेवलंय ते डोक्यात धरून नुसती डुलकी घेतो. म्हणून त्या सकाळी लिनक्सने अडवलं: विंडोज नीट बंद झालेला नाही, आत्ता इथलं फक्त वाचता येईल. उन्नतीला ऑफिसची बस गाठायची होती.

"काय कटकट आहे यार!" म्हणत तिने मला जबरदस्तीने उघडलं आणि धवले नव्या फोल्डरमध्ये हलवले. संध्याकाळी विंडोज जागा झाला आणि त्याने डोक्यातली जुनी मांडणी माझ्यावर लिहून टाकली. दोघांच्या ओढाताणीत धवले गेले, फक्त नावं उरली. नावं दिसली म्हणून उन्नती निर्धास्त राहिली. मला सगळं कळत होतं, पण तोंड नव्हतं.

हळदीच्या दिवशी लॅपटॉप स्पीकरला जोडला. एकही धवला वाजेना. उन्नती रडत म्हणाली, "आत्या, तुझा आवाज माझ्या हातून गेला गं."

ऑपरेशननंतर बायजाबाईंना जेमतेम कुजबुजता येत होतं. "जाव दे," म्हणत त्यांनी तिला हळद लावली आणि नुसते ओठ हलवून अख्खा धवला म्हटला. मांडवात कुणालाच तो ऐकू आला नाही.

मित्रांनो, एकाला पुरतं बंद केल्याशिवाय दुसऱ्याला माझ्यात लिहू देऊ नका. दुसरी प्रत ठेवा. आणि कुणाचा आवाज भरलात, तर त्याला तो त्याच दिवशी वाजवून दाखवा. बायजाबाईंनी स्वतःचे धवले एकदाही ऐकले नाहीत.