एका हाताचा फेस

मागाचं जाड लाकूड निसटून इलारियोच्या उजव्या हातावर पडलं, त्याला आता अकरा दिवस झाले होते. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर, गळ्यात झोळी, आणि झोळीहूनही जड झालेलं तोंड. हात मोडल्याचं दुःख होतंच. पण खरं दुःख पाठीवर लोंबत होतं. वेणी. कमरेपर्यंत उतरलेली, अठ्ठावन्न वर्षांत एकदाही कात्री न लागलेली, पेगुचे गावातल्या कुठल्याही भल्या पुरुषाची असावी तशी वेणी. अकरा दिवस तिला पाण्याचा थेंब नव्हता.

बायको रोसारियो होती तोवर तीच न्हाऊ घालायची, तीच विंचरायची, तीच गुंफायची. ती गेल्यावर तीन वर्षं त्याने आपली वेणी खांद्यावरून पुढे ओढून आपणच घातली. दुसऱ्या कुणाचा हात केसांना लागू दिला नाही.

धाकटी बहीण मातिल्दे रोज दुपारी उकडलेला मका घेऊन यायची. मक्यासोबत टोमणेही गरमागरम असायचे.

"दादा, तुझ्या वेणीत कोंबडीने अंडं घातलंय वाटतं. काल पिल्लाचा आवाज आला मला."

"घालू दे. तुला काय त्याचं?"

"मला काय? शनिवारी झऱ्यावर तुझ्या शेजारी मीच उभी राहणार ना! बस खाली, धुऊन देते."

"माझं मी धुईन."

शनिवारी लिनो आणि सामीचं लग्न होतं. इलारियो त्यांचा अची ताइता, मानाचा बाप. आणि रोसारियो नसल्यामुळे मानाची आई मातिल्दे. चर्चमधलं उरकलं की नवरानवरीला झऱ्याकाठी बसवायचं आणि फुलं घातलेल्या पाण्याने मानाच्या बापाने दोघांचं तोंड धुवायचं, हात धुवायचे, पाय धुवायचे, वर पोटऱ्यांना खाजकुइलीसारख्या बोचऱ्या पानांचा हलका फटका द्यायचा. ते झाल्याशिवाय इंबाबुरा डोंगराच्या सावलीतली म्हातारी माणसं लग्न झालं असं म्हणत नाहीत.

सोमवारी मातिल्दे हसता हसता बोलून गेली होती, "ज्याला स्वतःचं डोकं धुता येईना, तो दुसऱ्याची तोंडं काय धुणार? सेगुंदोला सांगू का? त्याला चांगले दोन हात आहेत."

सेगुंदो म्हणजे लिनोचा चुलता. हा मान आपल्याला मिळावा म्हणून गावभर सुस्कारे टाकत फिरलेला. ते नाव ऐकलं आणि इलारियो भडकला.

"शनिवारच्या आत एकट्याने डोकं धुऊन दाखवलं नाही, तर सांग त्याला. खुशाल सांग!"

शब्द तोंडातून गेला आणि गळ्यात पडला.

गुरुवारी ऊन लख्ख पडलं. अंगणात कुणी नव्हतं. इलारियोने प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवली, दातांनी गाठ मारली. बांधावरून घायपाताचं एक मांसल पान कापून आणलं आणि डाव्या हाताने दगडावर ठेचलं. फेस असा आला, असा आला, की ढगाने अंगणात बैठक मारावी. इलारियो खूश झाला. बादलीवर वाकला, वेणी सोडली, फेस डोक्यावर थापला.

रोसारियो ते पान आधी चुलीत भाजायची. मग ठेचायची, मग रात्रभर पाण्यात ठेवायची. इलारियोच्या डोक्याला इतकी वर्षं फेस ठाऊक होता. चूल ठाऊक नव्हती.

आधी मानेला मुंगी चावल्यासारखं झालं. मग सगळं वारूळ जागं झालं. कपाळ, कान, टाळू. एक हात कुठे कुठे पुरणार? उजवीकडे खाजवावं तर डावीकडे आग. ओल्या केसांचा पडदा तोंडावर, डोळे घट्ट मिटलेले. तांब्या चाचपला, तर तो फेसाळ हातातून सुटला आणि ठणठणत अंगणाच्या उतारावरून गेला. त्याच्या मागे गुडघ्यांवर सरकत इलारियोही गेला.

तांब्याचा आवाज थांबला. कुणीतरी पायाने अडवला होता.

"अगं बाई! कोण गं तू? माझ्या दादाच्या अंगणात केस मोकळे सोडून कुठे चाललीस?"

"मातिल्दे, पाणी!"

"आवाज तर घोगरा आहे हो हिचा."

"मातिल्दे, मी मेलो!"

तिने पान उचलून हुंगलं. "कच्चंच? अरे देवा, दादा, हे डोकं आहे की धुण्याचं घोंगडं?"

मग मात्र तिने उशीर केला नाही. तांब्यामागून तांब्या ओतला, आग विझेपर्यंत. त्याची मान आपल्या गुडघ्यावर टेकवून ती बोटांनी गुंता सोडवू लागली, आणि गाऊही लागली:

"एक हात गं झोळीत, एक हात गं केसात,
मानाचा गं बाप माझा अडकला फेसात."

"हे गाणं झऱ्यावर म्हटलंस तर याद राख."

"वळवळू नकोस. लहानपणी तू माझं डोकं धुवायचास तेव्हा किती फेस डोळ्यांत घातलास, मोजलाय मी."

"तू वळवळायचीस."

"तू गुदगुल्या करायचास."

उन्हात केस सुकले. मातिल्दे मागे बसून वेणी घालू लागली. तीन वर्षांनी कुणीतरी मागून घालत होतं. इलारियो आधी ताठ बसला, मग हळूहळू त्याचे खांदे उतरले.

"वहिनी इथे मानेशी जरा सैल सोडायची ना?"

"तुला कसं माहीत?"

"शनिवारच्या बाजाराला तीस वर्षं तुमच्या मागून चालले. दुसरं बघायला काय होतं?"

गाठ बसली. इलारियोने घसा साफ केला. "मी हरलो. सेगुंदोला सांग."

"सांगणारच आहे."

इलारियो उठायला लागला, तशी तिने वेणी धरून त्याला परत बसवलं.

"सांगते, झऱ्यावर पाणी भरायला ये. दोन हात आहेत, दोन घागरी आणेल."

"चेष्टा करू नकोस. पैज होती."

"पैज तू लावलीस, मी कुठे घेतली? आणि काय रे दादा, परवा ती दोघं आपली तोंडं आपण धुणार आहेत का?"

इलारियोने तिने आणलेला मका पुढ्यात ओढला. मका थंड झाला होता. तो त्याने न कुरकुरता खाल्ला.

शनिवारी झऱ्यावर मातिल्देने फुलांच्या पाण्याचं भांडं धरलं आणि इलारियोने डावा हात बुडवला. लिनोच्या गालापेक्षा कानातच पाणी जास्त गेलं. लाल पाकळी नाकाला चिकटून राहिली. घागरी भरून घामाघूम झालेला सेगुंदो म्हणाला, "सावकाश, ताइता, बुडवशील पोराला!" आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. सामीने डोळे मिटून तोंड पुढे केलं. तिच्या कपाळावरून तो ओला हात इतक्या हळू फिरला, की तिला कळलाही नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"पाय राहिले."

पाय धुतले. बोचऱ्या पानांची जुडी उचलली. लिनोला एक फटका, सामीला अर्धा. आणि तिसरा, भांडं सावरत वाकलेल्या मातिल्देच्या घोट्यावर.

"आई गं! दादा!"

"काय करू, बाई," इलारियो म्हणाला, "डावा हात आहे. चुकतो कधी कधी."