चिंधी बांधलेलं झाड

सांगोल्याच्या बाजूला माणच्या काठावर एक वस्ती होती. वस्तीत ज्ञानबा राहायचा, त्याची बायको फुलाबाई राहायची, वीस-पंचवीस मेंढरं राहायची. त्यांना कुमार नावाचा एकुलता एक लेक. तो शिकला, सोलापुरात नोकरीला लागला, आणि शुक्रवार पेठेतली पूनम त्याची बायको झाली. घरात सगळं होतं, पाळणा तेवढा हलत नव्हता. त्याच घरात मीही होते. मी ज्ञानबाची चिलीम बोलतेय.

मी साधी मातीची. कुंभारानं घडवली, आव्यात भाजली, बाजारात मांडली. ज्ञानबाच्या बापानं मला नखानं वाजवून बघितलं, खणखणीत बोलले तशी उचलली. मातीची चिलीम एक दिवाळी बघते, दुसरी बघत नाही म्हणतात. मी साठाच्या वर बघितल्या. एकदा कंठाला चीर गेली, तर फुलाबाईनं तांब्याची तार गुंडाळली. बडबडत गुंडाळली, पण घट्ट गुंडाळली.

माणूस मला कसा धरतो त्यावरून त्याच्या पोटातलं कळतं. भांडून आलेला दोन झुरक्यांत मला तापवून टाकतो. काही मागायला आलेला दुसऱ्याला आधी देतो. ज्ञानबा मात्र ओलं फडकं गुंडाळून, डोळे मिटून, देवाचं नाव घेतल्यासारखा ओढायचा.

बाजारची तंबाखू मला त्यानं कधी चाखवली नाही. परड्यात आठ-दहा झाडं, ती त्याची. तंबाखूचं बी कसलं असतं, बघितलंय का कधी? भुकटीच ती. चिमटीत धरलं तर वस्तीभर रोपं होतील. नागपंचमी झाली की तो ते बी चुलीतल्या राखेत कालवायचा आणि वाफ्यावर असं भुरभुरवायचा, जसं तान्ह्या बाळाला पावडर लावावी. रोपं वीतभर झाली की उपटून लांब लांब लावायची. शेळी तोंड लावत नाही, त्यामुळं कुंपणाची कटकट नाही. पण माणसाला सवड नाही. शेंडा आला की खुडायचा, बगलेतले फुटवे मोडायचे, मग सगळा जोर पानात उतरतो. पान जाड होतं, हाताला चिकटतं, पिवळं पडायला लागतं.

मग ते दोरीत ओवून सावलीला टांगायचं, महिना-सव्वा महिना. उन्हात वाळवलं तर हिरवंच वाळतं आणि घसा फाडतं. तपकिरी झालं तरी घाईनं काढायचं नाही. दंव पडलेली सकाळ बघून काढायचं, नाहीतर हातात चुरा. पुढं गुळाचं पाणी शिंपडायचं, थर लावायचे, पोत्यात बांधून वर वजनाला जात्याची पाळ ठेवायची. चार-आठ दिवसांनी खालचं वर, वरचं खाली. आधी असा वास सुटायचा की फुलाबाई पदर नाकाला लावून म्हणायची, मेंढरांचा वाडा बरा. दोन महिन्यांनी त्याच पोत्यातनं जुन्या चिंचेसारखा गोड वास यायचा, तेव्हा हीच बाई जाता-येता तिथं रेंगाळायची.

या सगळ्यात एक झाड मात्र वेगळं. त्याचा शेंडा खुडायचा नाही. त्याला चिंधी बांधायची, फूल येऊ द्यायचं, बोंड वाळू द्यायचं. तेच पुढच्या सालचं बी. ज्ञानबा ते बी कुणाला द्यायचा नाही, कुणाचं घ्यायचा नाही. पारावर छाती काढून सांगायचा, "आमच्या आज्यापासनं ह्यो वाण चालत आलाय. दुसऱ्याचं बी आमच्या वाफ्यात पडलं न्हाय." लोक हसायचे, पण मान डोलवायचे.

हेच बोलणं कुमार आणि पूनमच्या मनात रुतून बसलं होतं.

दोघांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले. शेवटी दोघांनी ठरवलं, अनाथ मुलांच्या संस्थेतली एक मुलगी दत्तक आणायची. कागद भरून तयार होते. पण संस्थेच्या बाई घरी येऊन म्हाताऱ्यांनाही विचारतात. आबांना, म्हणजे ज्ञानबाला, सांगायचं कुणी? फुलाबाईला माहीत होतं. तिनं हात जोडले. म्हणाली, ह्या माणसाला परक्याचं तंबाखूचं बी चालत न्हाय, लेकरू कसं चालंल? आधी डोळ्याचं आपरेशन होऊ द्या, मग मी बोलते.

म्हणून त्या साली दोघं म्हातारी जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर आली. मेंढरं चुलतभाऊ बिभीषणाकडं ठेवली, आणि मी कोपरीच्या खिशातनं आले. ज्ञानबानं रोपंही आणली होती, ओल्या पोत्यात गुंडाळून. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत सहा झाडं लावली, त्यातल्या एकाला चिंधी बांधली. शेजारी विचारायचे, काका, कसली शोभेची झाडं? हा म्हणायचा, व्हय, शोभेचीच की.

मार्गशीर्षात डोळ्याचं आपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, जिना चढायचा नाही, धूर तर बिलकूल नाही, अशी तंबी दिली. मला फुलाबाईनं फळीवर ठेवलं. नेमके तेव्हाच गच्चीवर शेंडे आले. ज्ञानबानं पूनमला सांगितलं, शेंडे खूड, फुटवे मोड. चिंधीच्या झाडाचं काही बोलला नाही. वस्तीवरच्या कुठल्याही सुनेला ते सांगावं लागलं नसतं.

पूनम पेठेत वाढलेली. तिच्या माहेरी तुळस सोडून झाड नव्हतं. तिला वाटलं, सगळ्यात उंच आहे म्हणून मामांनी खूण करून ठेवलीय, ह्याचाच शेंडा आधी खुडायचा. कामाला चोख पोर ती. रोज आंघोळीआधी वर जायची, एक फुटवा राहू द्यायची नाही.

पंधरा दिवसांनी मनाई उठली. ज्ञानबानं मला खिशात घातलं आणि हौसेनं गच्ची चढला. सहाच्या सहा झाडांची डोकी साफ. तो चिंधीच्या झाडापुढं उभा राहिला. चिंधी होती, फूल नव्हतं. त्यानं मला मुठीत घट्ट धरलं.

मागनं पूनम आली होती. तिला त्याच्या पाठीवरनंच कळलं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मागोमाग आलेल्या फुलाबाईनं हळूच सांगितलं. तिनं बोलायलाच नको होतं, असं मला वाटून गेलं. पूनम तिथंच टाकीच्या कठड्याशी बसली.

"मामा, वाण मीच मोडला," ती म्हणाली. "ह्या घरातले दोन्ही वाण माझ्याच हातनं मोडले."

फुलाबाईनं डोळ्याला पदर लावला. ज्ञानबा खाली गेला. दिवसभरात त्यानं मला भरलं, पेटवलं नाही, तसंच रिकामं केलं. म्हाताऱ्याला बियाचं दुःख झालंय, असं सगळ्यांना वाटलं. पण बोटं माझ्या अंगावर होती, म्हणून मला माहीत होतं, दुःख बियाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनम पाणी घालायला वर गेली, तसा हा मागोमाग गेला. बादली पालथी घालून बसला आणि म्हणाला, "पोरी, तुला एक सांगतो. तुझ्या सासूलाबी ठाव न्हाय."

आणि त्यानं ते सांगितलं, जे मी पन्नास वर्षांच्या वर पोटात धरून होते. बहात्तरच्या दुष्काळात परड्यातली सगळी झाडं जळाली. चिंधीचंही जळालं. आज्याचा वाण त्याच साली संपला. हा मेंढरं आणि मला घेऊन अक्कलकोटच्या पलीकडं गेला होता. तिथं शिवलिंगप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली. त्याच्या बायकोनं, कमलम्मानं, निघताना ज्वारीच्या पिठाबरोबर एक पुरचुंडी दिली. कानडीत काहीतरी बोलली, ह्याला निम्मंच कळलं. पुरचुंडीत तंबाखूचं बी होतं.

"घरी आलो, लावलं. बा म्हणाला, आपलंच पान हाय, त्योच वास. मी गप बसलो. पुढं सगळ्यास्नी सांगत राहिलो, आज्याचं बी, आज्याचं बी. तवा तू कसला वाण मोडतीस? तो लई आधीच मोडलाय."

पूनमनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मग पान तसंच कसं आलं, मामा?"

"माती आमची, पाणी आमचं, राखबी आमच्या चुलीतली. पान बिचारं काय करंल? आमचंच झालं."

खाली रिक्षा वाजत होत्या. पूनमनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. अकरा वर्षं जी सून सासऱ्यासमोर मान वर करून बोलली नव्हती, ती बोलली. संस्थेतलं सांगितलं. कागदाचं सांगितलं. बाई मंगळवारी येणार तेही सांगितलं.

ज्ञानबानं मला खिशातनं काढलं, माझ्यातला तंबाखू अडवणारा खडा तळहातावर घेतला, परत टाकला. खालच्या मजल्यावरचा कुकर तीनदा शिट्टी देऊन गप्प झाला.

"पोरगा का पोरगी?" त्यानं विचारलं.

"पोरगी."

"बरं झालं. पोरगं असतं तर मोठं झाल्यावर चिलीम मागितली असती."

पूनम हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तो उठला, चिंधीच्या झाडाशी वाकून बघत म्हणाला, आता फुटवे मोडू नकोस, एकाला तरी फूल धरंल. आणि न्हाय धरलं तर कमलम्माच्या गावाला जाऊ, तिची नातवंडं असतील की.

फुलाबाईला पुढं सगळं कळलं तेव्हा ती बियाच्या लबाडीवरनं जी सुरू झाली, ती संध्याकाळपर्यंत. "पन्नास वर्सं माझ्याशी खोटं बोललासा," म्हणत होती, आणि एकीकडं जुनी लुगडी काढून दुपटी फाडत होती.

मंगळवारी बाई आल्या. आजोबा, तुमची मनापासून तयारी आहे का, असं त्यांनी विचारलं. ज्ञानबानं सांगितलं, "तयारी हाय. आणि ही चिलीम हाय, ती लपवीत न्हाय. पर आजपासनं ती घरात पेटणार न्हाय." ज्या माणसानं मला दिवसातनं पाच वेळा ओठाला लावलं, त्यानं हे माझ्यादेखत सांगितलं. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, वाटलं. पण माझ्या धुरानं माणसाची छाती कशी पोखरते, ते माझ्याइतकं जवळनं कुणी बघितलंय? त्याच्या बापाची शेवटची खोकल्याची उबळ मी उशाला बसून ऐकलीय.

आता मी फळीवर असते, वरच्या, लेकराचा हात पोचणार नाही अशा. कुणी मला पेटवू नये, एवढंच मागणं आहे. मी पुष्कळ जळले. फेकूही नये. वर्षातनं एकदा तार सैल झाली का बघावं.

कागदाला वर्ष लागलं, पण ते सरलं. चैत्रात एका सकाळी कुमार आणि पूनम दारात उभे राहिले, पूनमच्या कडेवर दीड वर्षाची ऋतुजा. फुलाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेकरानं आत आल्या आल्या सगळ्यांकडं बघितलं, कुणाकडं जाईना. मग ज्ञानबाच्या पांढऱ्या मिशीवर तिची नजर थांबली. तिनं दोन्ही हात पुढं केले. म्हाताऱ्यानं तिला घेतलं आणि तिनं मूठ भरून मिशी ओढली, अशी की त्याच्या बऱ्या झालेल्या डोळ्यांतनं पाणी आलं.

"आगं आगं, सोड की," तो म्हणत होता, आणि मिशी काही सोडवून घेत नव्हता.

ज्ञानबाच्या घरी जसं उशिरा का होईना सुख आलं, तसं ज्याच्या त्याच्या उंबऱ्यातनं आत येवो.