नऊ नंबरचं कुलूप

इराक्ली जॉर्जियातून दोन महिन्यांसाठी आमच्या प्रयोगशाळेत आला होता आणि स्टॉकहोममध्ये माझ्याच घरी राहत होता. त्याला अजून वर्षभर राहायचं होतं. त्यासाठी इमारतीच्या समितीची परवानगी लागते, आणि बैठक शुक्रवारी होती. आमच्याकडे पाहुण्याची खरी परीक्षा तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत होते. यंत्राची जाळी पुसली नाही किंवा वेळ दहा मिनिटं ओलांडली, की दारावर निनावी चिठ्ठी लागते. परवानगी नाकारायला तशी एक पुरते.

तिथल्या तक्त्यावर प्रत्येक घर आपलं छोटं कुलूप हव्या त्या वेळेवर लावतं; मग ती वेळ त्या घराची. नऊ नंबरचं कुलूप गुरुवारी चार ते सातवर होतं. तिथल्या हिलेव्ही आजी वारून वर्ष झालं, पण किल्ली सापडली नाही, म्हणून कुलूप तसंच राहिलं. अर्ध्या तासात कोणी आलं नाही तर ती वेळ कुणीही घ्यावी, असा नियम आहे. गुरुवार मात्र कुणी घेत नाही. इराक्लीला मी नियम सांगितला, पण गुरुवारचं सांगायचं राहून गेलं.

त्या गुरुवारी तो सात वाजता कपडे घेऊन वर आला. एकतीस मिनिटं वाट बघून यंत्र लावलं, मग नऊ नंबरच्या आजी आल्या आणि बाकावर बसून राहिल्या, असं त्याने सांगितलं.

"रागावल्या?" मी विचारलं.

"नाही गं. जाळी पूस म्हणाल्या. पुसली, तर म्हणाल्या पुन्हा पूस. अगदी तुझ्यासारख्या."

त्यांनी काय धुतलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, काहीच नाही. हातात फक्त एक किल्ली होती.

मी खाली गेले. गुरुवारची जागा रिकामी होती. नऊ नंबरचं कुलूप रविवारी सकाळी दहावर होतं. तिथलं समितीचे अध्यक्ष रून यांचं कुलूप फरशीवर पडलं होतं, बंदच्या बंद. दारावर चिठ्ठी होती: 'पाहुणा एक मिनिट जास्तच थांबला. राहू द्या.'

ती मी बैठकीत रूनपुढे ठेवली. रून चाळीस वर्षं हिलेव्हींचे शेजारी होते. त्यांनी हिलेव्हींचं अक्षर ओळखलं आणि इराक्लीच्या अर्जावर सही केली.

बाकीचे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "स्वेआ, रविवारी दहाला तुम्ही दोघं माझ्याबरोबर खाली याल का?"

मी कारण विचारलं.

"हिलेव्हीच्या दारावरच्या त्या निनावी चिठ्ठ्या," ते म्हणाले, "सगळ्या मीच लिहायचो."