आपली पोर, परका कागद

"कामाचा परवाना? माझ्या अनेझिनाला? ती काय परकी आहे?"

ग्रीसमधल्या नाक्सोस बेटाच्या बंदरावर, आपल्या बेकरीत स्तमातियाने ज्याला त्याला हेच ऐकवलं. अनेझिना तिची धर्मलेक. बाप्तिस्म्याच्या वेळी त्या तान्हुलीला अंगभर तेल चोळून तिनेच पाद्रीबाबांच्या हाती दिलं होतं. आता पंधरा वर्षांची पोर ईस्टरच्या सुट्टीत नोनाच्या, म्हणजे धर्मआईच्या दुकानात राबते, त्यात सरकारने नाक का खुपसावं? अशा 'मदत करणाऱ्या' पोरांच्या हातचा पाव आपण सगळेच कौतुकाने खातो, वाचकहो!

पाद्रीबाबा पापा-झाफिरिस ईस्टरच्या गोड पावाची वेणी घ्यायला आले. अनेझिनाच्या बोटांना जमे तशी वेणी बेटावर कोणाला जमत नसे.

"स्तमातिया, पोरीचा कागद केलास?"

"बाबा, तुम्हीसुद्धा? डॉक्टरकडून पोरीला तपासून घ्या, अर्ज करा. वर कणीक मळायच्या यंत्राला तिने हात लावायचा नाही म्हणे! मग काय माझ्या तोंडाकडे बघत बसायचं?"

"नियम उगीच केलेला नसतो गं."

"तुम्ही तुमचं चर्च सांभाळा, मी माझी भट्टी सांभाळते!"

ईस्टरच्या आदल्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली. गल्ल्यावरून स्तमातिया ओरडली, "अनेझिना, यंत्र थांबवत बसू नकोस! चालू असतानाच कणीक खरवड!"

पुढच्याच क्षणी आतून किंकाळी आली. स्तमातिया धावली, यंत्र बंद केलं. पण उशीर झाला होता. पांढऱ्याशुभ्र कणकेत रक्त!

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "तुमच्याकडे कामाला होती का?"

"छे! सहज भेटायला आली होती," स्तमातियाच्या तोंडून निघून गेलं.

खाटेवरच्या अनेझिनाचे ओठ पांढरेफटक पडले होते. तरी ती म्हणाली, "हो डॉक्टर. मीच आगाऊपणा केला. नोना नको नको म्हणत होती."

 स्तमातिया बाहेर येऊन बाकावर बसली. बातमी ऐकून पापा-झाफिरिस तिथे धावत आले होते.

"बाबा, ती नुसती भेटायला आली होती असं मी सांगितलं, आणि पोरही माझ्यासाठी खोटं बोलली हो!"

"बाप्तिस्म्याला तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तिच्या वतीने तू बोललीस. आज तू तोंड लपवलंस आणि पोर तुझ्या वतीने बोलली. किती उलटं झालं हे!"

"मी तिला आपली मानते, बाबा!"

"परक्याची पोर असती तर कागद केला असतास, यंत्रापासून लांब ठेवलं असतंस. आपली म्हणून काहीच केलं नाहीस. तुझ्या आपलेपणाने तिला काय मिळालं, सांग! आता कामावर नाही, भेटायला आली असताना लागलं असं लिहिलं गेलं, तर तिला भरपाईसुद्धा मिळणार नाही."

स्तमातिया उठली आणि थेट डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली. "लिहा. ती माझ्याकडे कामाला होती. परवाना नव्हता. यंत्र चालू ठेवायला मीच सांगितलं."

"नोना, तुला दंड होईल!" अनेझिना कळवळली.

"होऊ दे गं बाळा. तू आता एक शब्द बोलू नकोस."

दंड झाला, भरपाईही मिळाली. पण अनेझिनाची दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. वेणी आता स्तमातियाच घालते आणि ती नेहमी वाकडी होते.

उन्हाळ्यात शेजारचा खानावळवाला भाच्याला कामावर ठेवताना हसत म्हणाला, "आपल्याच पोराला कसला आलाय कागद?"

"आपलाच आहे ना?" स्तमातिया कडाडली. "मग आधी कागद कर!"